फूल पडलेला डोळा आणि सहा तासांची वाट

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात देशभर नेत्रदान पंधरवडा साजरा होतो. फेऱ्या निघतात, संकल्पपत्रे भरून घेतली जातात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. नेमक्या त्याच सुमारास चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीत रोवणी आटोपलेली असते आणि धानाच्या बांध्या हिरव्यागार झालेल्या असतात. आणखी दोन-अडीच महिन्यांनी कापणी व चुरणी सुरू झाली, की धानाचे कुसळ, उडालेले तूस किंवा पात्याची धार कोणाच्या तरी डोळ्याला लागणारच. शहरात भरल्या जाणाऱ्या त्या संकल्पपत्राचा बांधीतल्या या डोळ्याशी संबंध जुळतो का, हा खरा प्रश्न आहे. आजमितीस तो फारसा जुळत नाही, असेच म्हणावे लागेल.

डोळ्याला लागलेले कुसळ ही वरकरणी क्षुल्लक गोष्ट. पण त्या ओरखड्यातून बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग शिरतो. मजुरी बुडू नये म्हणून चार दिवस तसेच जातात. कोणी पाल्याचा रस पिळतो, कोणी दुकानातून मिळेल ते थेंब आणतो. त्यात स्टेरॉइड असले तर बुरशी अधिकच फोफावते. व्रण भरून येतो तेव्हा काचेसारख्या स्वच्छ पारपटलावर, म्हणजेच कॉर्नियावर, पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात. शब्द नाजूक आहे, परिणाम मात्र भयंकर. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण पारपटलाची अपारदर्शकता हेच आढळले. तिचे प्रमाण ३७.५ टक्के होते. मोतीबिंदू उतारवयात गाठतो, तर फूल पडते ते कमावत्या हाताच्या डोळ्यात.

यावर उपाय नवा नाही. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमौत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पारपटलाचे पहिले यशस्वी मानवी प्रत्यारोपण केले. पुढे जवळजवळ संपूर्ण शतक या शस्त्रक्रियेची मुख्य रीत तीच राहिली. रुग्णाच्या पारपटलाची मधली चकती आरपार कापून काढायची आणि दात्याची तेवढीच चकती तेथे शिवायची. या रीतीने असंख्यांना दृष्टी दिली, हे निर्विवाद आहे.

परंतु पारपटल म्हणजे एकसंध काच नव्हे. मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या या पडद्यात अनेक थर असतात. सर्वांत आतला पेशींचा थर पारपटलातील पाणी सतत उपसून ते पारदर्शक ठेवतो आणि एकदा गेलेल्या त्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. कुसळाने पडलेले फूल बहुधा पुढच्या आणि मधल्या थरांत असते. आतला थर पुष्कळदा निरोगी राहिलेला असतो. मग तो कापून का टाकायचा? या विचारातून अंशतः जाडीचे प्रत्यारोपण पुढे आले. २००२ मध्ये डॉ. मोहम्मद अन्वर यांनी हवेचा मोठा बुडबुडा भरून पुढचे थर आतल्या थरापासून अलगद सुटे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच, १९९८ मध्ये, नेदरलँड्सच्या डॉ. गेरिट मेलेस यांनी उलट दिशेची, म्हणजे केवळ मागचा थर बदलण्याची वाट दाखविली होती. विदर्भाला अभिमान वाटावा असाही एक दुवा यात आहे. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि पुढे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे काम करणारे डॉ. हरमिंदर दुआ यांनी २०१३ मध्ये पारपटलात मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका पातळ, पण चिवट असा एक थर दाखवून दिला. तो स्वतंत्र थर मानावा की नाही, यावर तज्ज्ञांत वाद झाला. पण हवेचा बुडबुडा नेमका कोठे आणि का तयार होतो, हे त्यामुळे उलगडले.

हे तंत्र महानगरांतील सुखवस्तू रुग्णांसाठीच आहे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. त्याची अधिक निकड आहे ती भामरागडच्या, एटापल्लीच्या, सिंदेवाहीच्या रुग्णाला. आरपार प्रत्यारोपणात शरीराने दात्याचा आतला थर नाकारण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो. डोळा लाल झाला, धूसर दिसू लागले, की तातडीने तज्ज्ञाकडे पोहोचावे लागते. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा दुथडी भरून वाहू लागली की गावाचा संपर्कच तुटतो. अशा रुग्णाचा स्वतःचा आतला थर शाबूत ठेवला, तर तो थर नाकारला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्टेरॉइडचे थेंबही तुलनेने कमी काळ लागतात. शिवाय आरपार कापलेला डोळा कायमचा दुबळा होतो. लाकूड फोडताना चिपळी लागली किंवा बैलाचे शिंग लागले, तरी टाका उसवून डोळा फुटू शकतो. आतला थर राखलेला डोळा असा आघात अधिक चांगला सोसतो. दिवसभर रानात राबणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

दात्यांच्या तुटवड्यावरही यातून थोडा उतारा मिळतो. मागचा थर बदलायचा तर दात्याच्या पेशी सशक्त लागतात. केवळ पुढचा भाग बसवायचा तर तेवढी अट राहत नाही. त्यामुळे वयोवृद्ध दात्याचे पारपटलही पुढच्या भागासाठी उपयोगी पडते आणि एखादे उत्तम पारपटल विभागून दोन रुग्णांना देता येते.

अर्थात ही जादू नव्हे. डाग आरपार गेला असेल किंवा व्रण फुटला असेल, तर जुनीच शस्त्रक्रिया करावी लागते. थर सुटे करताना आतला पडदा फाटला, तर ऐनवेळी बेत बदलावा लागतो. टाके वर्षभर सांभाळावे लागतात आणि हे कौशल्य हाती यायला वर्षे लागतात. प्रत्येक जिल्ह्यात असा शल्यविशारद हवा, असा आग्रह धरणे व्यर्थ आहे. शस्त्रक्रिया नागपूरला किंवा हैदराबादला होऊ द्या. जिल्ह्याने करायचे काम निराळे आहे.

ते काम सहा तासांचे आहे. मृत्यूनंतर साधारण तेवढ्या वेळातच पारपटल काढावे लागते. त्या घटकेला कपाटातले संकल्पपत्र कोणी शोधत नाही. निर्णय दुःखात बुडालेले कुटुंब घेते. म्हणून मृत्यू जेथे घडतात त्या रुग्णालयात त्या घटकेला कुटुंबाशी मायेने बोलणारे माणूस हवे. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. २०११ च्या कायदा दुरुस्तीमुळे प्रशिक्षित तंत्रज्ञालाही पारपटल काढता येते. तेव्हा वडसा, ब्रह्मपुरी, अहेरी येथील रुग्णालयांत असे एकेक माणूस तयार करणे मुळीच अशक्य नाही. नागपुरात माधव नेत्रपेढी आहे, ‘सक्षम’चे कॉर्निया अंधत्वमुक्त भारत अभियान आहे. त्यांच्या कार्यकर्त्यांनी संकल्पपत्रांच्या आकड्यांत समाधान न मानता या सहा तासांचा विचार केला पाहिजे.

पुढच्या जन्मी आंधळे होऊ, ही भीती अजूनही घराघरांत आहे. सुशिक्षित घरांतही आहे. अस्थी देणाऱ्या दधीचींचे नाव आपण आदराने घेतो. श्रीकाळहस्तीच्या शिवाला स्वतःचा डोळा काढून वाहणारा कण्णप्पा तर रानातला व्याधच होता. वनवासी समाजाला त्यागाचे धडे देण्याची मुळीच गरज नाही. मृतांच्या स्मृतीसाठी शिळा उभी करणाऱ्या माडियांचा मृत्यूकडे पाहण्याचा स्वतःचा गंभीर विचार आहे. त्यांच्या गावात हा विषय न्यायचा तर तो गायता आणि पुजारी यांच्याशी आधी, त्यांच्याच बोलीत बोलला पाहिजे, आणि नकार आला तर तो मानला पाहिजे. पारपटल काढल्यावर चेहरा विद्रूप होत नाही, ही साधी गोष्टदेखील त्यांना कोणी सांगितली आहे का?

दुसरे काम त्याहून सोपे. चुरणीच्या हंगामात डोळ्याला लागलेल्या माणसाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचविणे आणि शस्त्रक्रिया होऊन परतलेल्याला ठरल्या तारखेला पुन्हा तपासणीसाठी नेणे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात, मुधोळसारख्या ठिकाणी, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने ग्रामीण केंद्र चालवून दाखविले आहे. तो जिल्हा चंद्रपूरला लागूनच. गडचिरोलीच्या रुग्णाला मात्र आजही एका टाक्यासाठी मजुरीचे दोन दिवस आणि एसटीचे भाडे मोजावे लागते. त्याच्यासोबत येणाऱ्या माणसाचे आणखी दोन दिवस निराळे.