न दिसणारे फळ

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडील जाणती माणसे सांगत आली आहेत. आगीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तहानलेला मनुष्य घटकाभर थांबू शकेल. ज्वाला मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

आपल्या देशात दर वर्षी १४ ते २० एप्रिल या काळात अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या दिवसांत अग्निशमन दलाचे जवान शाळांत, वसाहतींत आणि कारखान्यांत जाऊन आग कशी टाळावी व कशी विझवावी, याची प्रात्यक्षिके करून दाखवितात. या सप्ताहाच्या आरंभाची तिथी सहज निवडलेली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. त्या एकाच जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही होती! आग विझविण्याची शर्थ चालू असतानाच भीषण स्फोट झाले. शेकडो माणसे प्राणांस मुकली; त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

या प्रात्यक्षिकांवर जनतेच्या करांतून आलेला पैसा खर्च होतो. म्हणून काही लोक विचारतात, "आग लागलेली नसताना हा खर्च कशाला?" प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. पूल बांधला तर तो डोळ्यांना दिसतो. परंतु जी आग लागलीच नाही, ती कोणाला दिसणार? सावधगिरीचे फळ असे अदृश्य असते. म्हणून ते नाहीच, असे मानणे मात्र शहाणपणाचे नव्हे.

एक साधे उदाहरण घ्या. कढईतील तापलेल्या तेलाने पेट घेतला, तर अजाण मनुष्य घाबरून त्यावर पाणी ओततो. ते पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि जळते तेल चहूकडे उडविते. याउलट, ज्याने प्रात्यक्षिक लक्षपूर्वक पाहिले आहे, तो शेगडी बंद करतो आणि कढईवर झाकण सरकवितो. हवा मिळाली नाही की ज्वाला शांत होते. एवढ्याशा ज्ञानाने एक घर वाचते. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची एक ओळही येत नाही.

मात्र टीकाकारांच्या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे, तो नाकारून चालणार नाही. आपण प्रात्यक्षिकाला जत्रेसारखे गेलो, धूर पाहून टाळ्या पिटल्या आणि घरी येऊन सारे विसरलो, तर तो पैसा खरोखरच वाया गेला! शासन शिकवील, पण जिन्यातील अडगळ शासन येऊन हलविणार नाही. गॅसचा वास येताच विजेचे बटण न दाबता आधी खिडक्या उघडाव्यात, हे घरातील आजीला व धाकट्या भावंडांना कोण सांगणार? भाजलेल्या जागी तूप न लावता त्यावर वाहते गार पाणी सोडावे, ही गोष्ट शेजारी कोण पोहोचविणार?

मुलांनो, हे काम तुमचे आहे. जवान वर्षातून एकदा तुमच्या शाळेत येतील. उरलेले दिवस त्यांची शिकवण जागती ठेवणे तुमच्या हाती आहे. इतरांना वाचविताना ज्यांनी प्राण वेचले, त्यांचे स्मरण करण्याची याहून उत्तम रीत कोणती?