पंतप्रधानांची रोजकीर्द कोठे आहे?

१९ नोव्हेंबर १९६२ या एकाच दिवशी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना दोन पत्रे लिहिली. ईशान्येत सेला खिंड पडली होती, बोमदिला हातचे गेले होते आणि चिनी सैन्य आसामच्या मैदानाच्या तोंडाशी येऊन ठेपले होते. त्या दिवशीच्या दुसऱ्या पत्रातील मागणी अलिप्ततावादाच्या प्रणेत्याकडून कोणीही अपेक्षिली नसती. स्वनातीत वेगाच्या आणि सर्व हवामानांत उडू शकणाऱ्या लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन, त्यांच्या जोडीला रडारची यंत्रणा, भारतीय कर्मचारी तयार होईपर्यंत हे सारे चालवण्यासाठी अमेरिकी माणसे, आणि वर बी-४७ बॉम्बफेकी विमानांच्या दोन स्क्वाड्रन. वॉशिंग्टनमधील आपले राजदूत बी. के. नेहरू यांनी हे पत्र स्वतःच्या कचेरीतील सहकाऱ्यांच्याही नजरेस पडू दिले नाही. चीनने लगेचच एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि ती मागणी जागच्या जागी विरली.

या पत्राचा संपूर्ण मजकूर भारतीय वाचकांसमोर आला तो ४८ वर्षांनी, २०१० मध्ये. तोही दिल्लीतून नव्हे. बोस्टन येथील केनेडी अध्यक्षीय ग्रंथालयाने तो खुला केला म्हणून. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र धोरणातील सर्वांत कसोटीच्या क्षणी आपल्या पंतप्रधानांनी नेमके काय लिहिले, हे आपल्याला परक्या देशाच्या दफ्तरातून समजले. आज बंगळूरुतील यशवंतपूर येथे बसून मी ते पत्र घरच्या संगणकावर वाचू शकतो. पत्राची भारतीय बाजू शोधायची झाली, तर याच यशवंतपूर स्थानकावरून सुटणाऱ्या संपर्क क्रांती एक्सप्रेसने दोन रात्रींचा प्रवास करून दिल्ली गाठता येईल. परंतु तेथे पोहोचल्यावर संबंधित संचिका वाचायला मिळेलच असे नाही. बोस्टन जवळ आणि दिल्ली दूर, अशी ही विचित्र स्थिती आहे.

अमेरिकेतील व्यवस्था आधी समजून घेऊ. तेथे अध्यक्षांच्या कामकाजाची दैनंदिनी ठेवली जाते. कोणत्या मिनिटाला कोण भेटायला आले, किती वाजता बाहेर पडले, दूरध्वनी आला की केला, बैठकीला कोण कोण हजर होते, अशा नोंदींनी तिची पाने भरलेली असतात. तिच्याभोवती सल्लागारांची टिपणे, बैठकांची इतिवृत्ते आणि राजदूतांच्या तारा यांचा संग्रह असतो. परराष्ट्र खात्याचे इतिहासकार त्यातून निवडक कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध करतात. ही परंपरा १८६१ पासूनची आहे. १९९१ च्या कायद्याने तर घटनेनंतर ३० वर्षांच्या आत हे खंड काढण्याचे बंधनच घातले.

तथापि, अमेरिकी राज्यकर्ते स्वभावतः पारदर्शक आहेत म्हणून हे घडले, असा समज कोणी करून घेऊ नये. पूर्वी अध्यक्षांचे कागद ही त्यांची खासगी मालमत्ता मानली जाई. वॉटरगेट प्रकरणात रिचर्ड निक्सन यांच्या ध्वनिफितींवरून रण माजले आणि एका फितीतील साडेअठरा मिनिटांचे संभाषण पुसलेले आढळले, तेव्हा तेथील संसदेला जाग आली. १९७४ मध्ये निक्सन यांच्या कागदांपुरता कायदा झाला. १९७८ च्या अध्यक्षीय अभिलेख कायद्याने या सर्व कागदपत्रांची मालकी जनतेकडे दिली. अध्यक्षाने पद सोडल्यानंतर पाच वर्षांनी नागरिक त्यांची मागणी करू शकतो. काही ठरावीक प्रकारचे कागद फार तर १२ वर्षे अडवून ठेवता येतात आणि संरक्षणविषयक गुपितांना वेगळे नियम लागू होतात. कायदा मोडणारे तेथेही आहेतच. २०२२ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील निवासस्थानातून सरकारी कागदपत्रांच्या पेट्या परत मिळवाव्या लागल्या. पण त्या परत मागता आल्या, त्या मालकी कोणाची हे कायद्यात लिहिलेले होते म्हणून.

या व्यवस्थेचा लाभ भारताच्या इतिहासाला किती झाला, याची उदाहरणे थोडी नाहीत. चिनी हल्ला पुन्हा झाल्यास भारताच्या बचावासाठी कोठवर जायचे, याविषयी केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांत मे १९६३ मध्ये झालेली चर्चा २००५ मध्ये खुल्या झालेल्या ध्वनिफितीत ऐकता येते. तीत अण्वस्त्रांच्या वापराचाही विषय निघाला होता. त्याच वर्षी १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगावरील खंड प्रसिद्ध झाला. ४ आणि ५ नोव्हेंबर १९७१ रोजी इंदिरा गांधी निक्सन यांना भेटल्या. पहिल्या दिवशीच्या भेटीला पी. एन. हक्सर आणि हेन्री किसिंजर उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि किसिंजर यांनी भारताच्या पंतप्रधानांविषयी जी शिवराळ भाषा वापरली, ती उघड झाल्यावर किसिंजर यांना जाहीर खेद व्यक्त करावा लागला. अध्यक्षाला लाज आणणारा मजकूर त्याच्याच देशाच्या सरकारने छापावा, यातच त्या कायद्याचे बळ दिसते.

मराठी वाचकांना या विषयात विशेष आस्था वाटावी, याचे कारण यशवंतराव चव्हाण. नेहरूंनी ती दोन पत्रे लिहिली त्याच आठवड्यात चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत दाखल झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. पण त्या धावून जाण्यानंतर दिल्लीत जे घडले, त्याची कागदोपत्री साक्ष कोठे आहे? अमेरिकी लष्करी मदतीच्या वाटाघाटींसाठी चव्हाण मे १९६४ मध्ये अमेरिकेत गेले. ते तेथे असतानाच नेहरूंचे निधन झाले. एफ-१०४ विमाने भारताला द्यावीत की नाहीत, यावर लिंडन जॉन्सन यांच्या प्रशासनात झालेला खल आज छापील खंडात वाचता येतो. विमाने मिळाली नाहीत. भारत सोव्हिएत संघाच्या मिग-२१ कडे अधिक वळला आणि नाशिकजवळच्या ओझरला ती विमाने बनू लागली. अमेरिकेने नकार का दिला हे आपल्याला तारीखवार ठाऊक आहे. त्या नकाराचा आपल्या मंत्रिमंडळाने काय अर्थ लावला, रशियाकडे वळताना कोणी कोणती शंका घेतली, हे मात्र त्याच तपशिलाने सांगता येत नाही.

चव्हाणांनी आत्मचरित्राचे तीन भाग योजले होते. ‘कृष्णाकाठ’ हा पहिलाच पूर्ण झाला आणि तो त्यांच्या दिल्लीपर्वाच्या कितीतरी आधी थांबतो. त्यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळाचे सर्वांत जवळचे चित्र मिळते ते त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांच्यामुळे. १९६५ च्या युद्धातील चव्हाणांची रोजनिशी प्रधानांनी २००७ मध्ये प्रकाशात आणली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले असता, हवाई दल वापरण्याची अनुमती चव्हाणांनी काही मिनिटांत कशी दिली, अशा निर्णयांमागचा माणूस या साधनांतून कळतो. ही रोजनिशी आपल्याला मिळाली ती एका मंत्र्याच्या सवयीमुळे आणि एका अधिकाऱ्याच्या निष्ठेमुळे. हक्सर यांचे कागद दिल्लीच्या तीन मूर्ती भवनात आहेत आणि १९७१ च्या अभ्यासकांना त्यांचा फार उपयोग झाला. तेही खासगी संग्रह म्हणूनच तेथे आले. राष्ट्राची स्मृती अशा सुदैवी अपवादांवर सोडून देणे शहाणपणाचे नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. २५ वर्षांपेक्षा जुने, कायम जतन करण्याजोगे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवले जावेत, अशी त्यात तरतूद आहे आणि कागद बेकायदा हलवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षाही. परंतु त्याच कायद्याचे दहावे कलम म्हणते की, गोपनीयतेचा शिक्का असलेला कोणताही कागद अभिलेखागाराकडे पाठवता येणार नाही. शिक्का कधी काढायचा हे शिक्का मारणारे खातेच ठरवणार. साहजिकच, कोणीही काढत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अभिलेखागाराचे तत्कालीन महासंचालक चंदन सिन्हा यांनीच जाहीरपणे सांगितले की, १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे तसेच हरितक्रांतीचे अभिलेख संस्थेकडे नाहीत. १५१ मंत्रालये व विभागांपैकी ३६ मंत्रालये-विभागांसह केवळ ६४ यंत्रणांचे कागद तेथे आहेत.

हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा १९६२ च्या पराभवावरील अहवाल या वृत्तीचे ठळक उदाहरण होय. तो १९६३ मध्ये सादर झाला आणि त्याचे सार चव्हाणांनी त्या वर्षी २ सप्टेंबरला लोकसभेत मांडले. मूळ अहवाल मात्र बंदच राहिला. कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने २००९ मध्ये नकार दिला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की, तो आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. पुढे सरकार बदलले, भूमिका बदलली नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या विदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. म्हणजे जगाने वाचलेला दस्तऐवज भारत सरकारच्या लेखी अजूनही गुप्त आहे.

या गुप्ततेची किंमत दुहेरी असते. पहिली ही की, आपला इतिहास आपण दुसऱ्याच्या नजरेने लिहितो. अमेरिकी राजदूताची तार म्हणजे त्याला जे दिसले आणि आपल्या वरिष्ठांना जे सांगावेसे वाटले त्याची नोंद. समोरच्या भारतीय मंत्र्याने काय दडवले, नंतर सहकाऱ्यांना काय सांगितले, हे त्या तारेत असणे शक्य नाही. साक्षीदार एकच असेल, तर निवाडा एकतर्फी होणारच. दुसरी किंमत राजकीय आहे. कागद नसले की त्यांची जागा अफवा घेते. १९६२ ची चर्चा आज नेहरूंची निंदा किंवा नेहरूंचा बचाव एवढ्यापुरतीच उरली आहे. नेहरूंच्या कागदपत्रांच्या ज्या पेट्या २००८ मध्ये तीन मूर्ती भवनातून कुटुंबाकडे परत गेल्या, त्यांवरून पेटलेल्या वादातही दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडल्या. मूळ प्रश्न मात्र कोणी धसास लावला नाही: पंतप्रधानाने पदावर असताना लिहिलेला कागद कोणाच्या मालकीचा?

सीमाप्रश्न जिवंत आहे, म्हणून कागद खुले करणे धोक्याचे, असा आक्षेप घेतला जातो. काही कागदांबाबत तो योग्यही असेल. नकाशे, हेरांची नावे, संकेतभाषा झाकून ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु झाकणे हा अपवाद असावा आणि त्याचे कारण लेखी नोंदवलेले असावे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जे धोरण जाहीर केले, त्यात सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी कागद खुले करण्याची आणि युद्धांचे इतिहास पाच वर्षांत सिद्ध करण्याची ग्वाही आहे. ती स्वागतार्ह आहे. पण धोरण हे सरकारच्या मर्जीवर चालते, कायद्यासमोर सरकारचे काही चालत नाही.

म्हणून संसदेने पंतप्रधानांच्या अभिलेखांसाठी स्वतंत्र कायदा करावा, असे माझे मत आहे. पंतप्रधानांच्या भेटी, बैठका आणि पत्रव्यवहाराची रोजची नोंद ठेवणे बंधनकारक असावे. पद सोडताना खासगी आणि सरकारी कागद वेगळे केले जावेत आणि सरकारी कागदांची मालकी राष्ट्राची असावी. २५ वर्षांनी गोपनीयतेचा शिक्का आपोआप गळून पडावा. तो टिकवायचा असेल तर खात्याने इतिहासकार, निवृत्त न्यायाधीश आणि सेनाधिकारी यांच्या स्वतंत्र समितीपुढे कारण सिद्ध करावे. या कायद्याला जो पक्ष आज घाबरेल, तो उद्या विरोधात बसल्यावर त्याचाच आधार घेईल.

असा हिशेब ठेवणे आपल्याला परके नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगावे लागू नये. पेशव्यांच्या रोजकीर्दी पुण्याच्या दफ्तरात टिकून राहिल्या. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून उतारे निवडले, न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचे मर्म उलगडले, पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादित केले. शनिवारवाड्यातून सुटलेली आज्ञा आणि तिच्यापायी झालेला खर्च आपण आज तिथीवार सांगू शकतो. लोकांनी निवडून दिलेल्या पंतप्रधानाने देशाच्या सर्वांत काळ्या आठवड्यात काय केले, याचा हिशेब त्याहून कमी तपशिलाचा असावा, हे प्रजासत्ताकाला शोभणारे नाही.