ताडोबाचं तिकीट, वाघाशिवाय

पोस्टाच्या तिकिटावर ताडोबा छापायचा तर चित्र कशाचं हवं, असा विषय परवा आमच्या घरच्या ग्रुपवर निघाला. काका, आत्या, पुण्याची भाचेमंडळी, सगळ्यांचं उत्तर एकच. वाघ! त्यातही पाण्यात बसलेला, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेला. माझा याला सपशेल विरोध आहे, आणि ग्रुपवर तो चार ओळींत मावेना म्हणून इथे लिहितोय.

वाघाशी माझं वैर नाही हो. पण वाघाचं तिकीट झालंय की. व्याघ्र प्रकल्पाला दहा वर्षं झाली तेव्हा, 1983 मध्ये, निघालं. त्याच वर्षी कान्हाच्या तिकिटावर बारशिंगा आला. म्हणजे जंगल म्हटलं की आपल्याला एक जनावर लागतं. जंगल स्वतः दिसायला पुरेसं नाही असं आपण धरूनच चालतो. 2007 साली राष्ट्रीय उद्यानांचा पाच तिकिटांचा संच आला: बांधवगड, बंदीपूर, काझीरंगा, मुदुमलाई, पेरियार. महाराष्ट्रातलं एकही नाही. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, राज्यातलं सगळ्यात जुनं. असो.

अमेरिकेने 1934 मध्ये दहा राष्ट्रीय उद्यानांची दहा तिकिटं काढली. एक सेंटाला योसेमिटीचा कडा, दोन सेंटला ग्रँड कॅनियन, सहाला क्रेटर लेक. डोंगर, तळी, कडे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः तिकिटं जमवणारे, त्यामुळे हौसही होती. चित्रं देखणी आहेत यात वादच नाही. पण चार सेंटचं तिकीट बघा, मेसा व्हर्दे. कपारीत बांधलेली जुनी घरं. शेकडो वर्षांपूर्वी सोडून गेलेल्यांची पडकी घरं तिकिटावर चालली. योसेमिटीच्या दरीत राहणारी माणसं मात्र तिथून हाकलली गेली होती, त्यांचा त्या कड्याखाली मागमूस नाही. नुसता निसर्ग छापला की हीसुद्धा सोय होते. म्हणून 'वाघ नको, मग तळ्यावरचा सूर्यास्त छापा' हे भाच्याचं म्हणणंही मला पटत नाही.

कारण ताडोबा हे नावच मुळी माणसाचं आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात आदिवासी तिथे पूजेला येत आलेत. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाचं जंगल, आणि तिकिटावर वाघ एकटा! हे मला विचित्र वाटतं. तुम्हाला नाही वाटत?

आणि ही जुनी दंतकथा म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी, एकाच गावच्या. त्या हौसेने गेल्या नव्हत्या, उन्हाळ्यातला तो हक्काचा पैसा असतो. त्या महिन्यात सफारीच्या जिप्सीतून काढलेले फोटो आपण सगळ्यांनी लाइक केले असतीलच.

गडचिरोलीचं तर आणखी वेगळं. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल, पण राष्ट्रीय उद्यान एकही नाही. म्हणजे उद्यानांची यादी घेऊन बसलं तर त्याचा नंबर कधीच लागायचा नाही. तिथल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गाव स्वतः बांबू राखतं, स्वतः विकतं. बांबूच्या राशीपाशी उभी असलेली माणसं, हे निसर्गचित्र नाही का? आमच्या काकांच्या मते नाही. 'तो सरकारी योजनेचा फोटो वाटेल' म्हणे :-)

आता पत्रं कोण पाठवतं, हा आत्याचा मुद्दा. खरंय. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टात विलीन झालं. पण मग तिकीट उरतं ते अल्बममधे, आणि तिथे ते पन्नास वर्षं टिकतं. पुढच्या पोरांना चंद्रपूरचं जंगल म्हणजे काय हे त्या इंचभर कागदावरून कळणार असेल, तर त्यावर तळं असू दे, मोह असू दे, तारूचं ठाणं असू दे, आणि डोक्यावर तेंदूपानाचा भारा घेतलेली एक बाई. वाघ हवाच असेल तर काठाच्या गवतात त्याचे दोन कान दाखवा. शोधणाऱ्याला सापडतील.