माल किती, माणसे किती?

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी स्फोट झाला. स्फोटके तयार होणाऱ्या इमारतीचे छत खाली आले आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. आवाज कित्येक किलोमीटर दूरच्या गावांत ऐकू गेला. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, याच निर्माणीत एका कामगाराचा जीव गेला होता. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात बाजारगाव येथे डिसेंबर २०२३ मध्ये नऊ जण ठार झाले. जून २०२४ मध्ये धामण्याला पुन्हा तेच घडले. या दोन्ही ठिकाणी मरण पावलेल्यांत बायका आणि तरुण मुली अधिक होत्या. चौदा महिन्यांच्या आत आपल्या परिसरात चार स्फोट झाले.

अशा प्रत्येक वेळी बाजारात एकच चर्चा चालते : चूक कोणाची? कोणी म्हणतो कामगाराची, कोणी म्हणतो साहेबांची. तो शोध चौकशी करणाऱ्यांवर सोडावा. व्यापारी आणि कारागीर बंधूंनी मात्र आणखी एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे, असे आमचे मत आहे. काम सुरू होण्यापूर्वी एका छताखाली किती धोक्याचा माल ठेवायचा आणि किती माणसे बसवायची, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले? स्फोटकांच्या कारखान्यांत जुनी पद्धत अशी की प्रत्येक शेडच्या दारावर दोन आकडे लिहिलेले असतात. माल जास्तीत जास्त इतका, माणसे जास्तीत जास्त इतकी. शेडमध्ये अंतर ठेवतात, मध्ये मातीचे बांध घालतात. ही सारी व्यवस्था ‘चूक होणारच’ असे धरून केलेली असते. चूक झाली तर ती एका खोलीत संपावी, एवढाच तिचा उद्देश.

सुरक्षितता म्हटले की आपल्याला हेल्मेट, बूट आणि हातमोजे आठवतात. ते हवेतच. पण टाकी फुटली की बूट काय कामाचे? पडणे, भाजणे, बोट कापणे हा एक प्रकार. माल आवरेनासा होऊन सगळे आवार उडणे हा दुसरा. पहिल्या प्रकारचा हिशेब चांगला असला म्हणजे दुसऱ्याचाही चांगला असतो, हा मोठा गैरसमज आहे. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेजवळच्या समुद्रात तेलविहिरीवरील ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या कारखान्यावर स्फोट होऊन अकरा माणसे गेली. त्याच दिवशी कंपन्यांचे बडे अधिकारी तेथे आले होते. सात वर्षे कामगाराला दुखापतीची सुट्टी घ्यावी लागली नाही, याचे कौतुकही त्या भेटीत व्हायचे होते!

भोपाळचे उदाहरण तर आपल्या घरचेच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील कीटकनाशकाच्या कारखान्यात विषारी द्रवाच्या टाकीत पाणी शिरले, माल तापला आणि सुमारे चाळीस टन वायू जुन्या शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारे यंत्र काही महिन्यांपूर्वीच बंद केले होते. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. वायू धुणारे यंत्र त्या रात्री उपयोगी पडले नाही. एकामागे एक तीन दरवाजे होते, आणि तिन्ही उघडे. पण आमच्या दृष्टीने यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ते विष विकायचा माल नव्हते. मधल्या टप्प्यावर लागणारा तो पदार्थ होता. लागेल तेवढा करून लगेच वापरता आला असता. तो टनावारी साठवला गेला. ट्रेव्हर क्लेट्झ या इंग्लिश इंजिनिअरने १९७० च्या दशकातच सांगायला सुरुवात केली होती की धोक्याच्या मालाला पहारे बसवण्याआधी तो माल मुळात कमी करावा. व्यापाऱ्याला हे पटणे कठीण नाही. पडून राहिलेला माल भांडवल खातो हे आपल्याला कळतेच.

दुसरी गोष्ट फेरबदलाची. येथे कारागिराने जरा थांबून वाचावे. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १९७४ च्या वसंतात एका रासायनिक कारखान्यात ओळीने सहा मोठ्या टाक्या होत्या. पाचव्या टाकीला तडा गेला. उत्पादन थांबू नये म्हणून ती टाकी काढली आणि चौथी व सहावी टाकी वाकड्या नळाने जोडली. त्या नळाचा पूर्ण आकाराचा नकाशा काढला गेला तो वर्कशॉपच्या जमिनीवर, खडूने. नळ बनवणाऱ्यांचे हात कसबी होते, जोडही साधले. पण गरम माल दाबाखाली आल्यावर नळ कुठे ढकलला जाईल, याचा हिशेब करणारा जाणता इंजिनिअर त्या काळात कारखान्यात नव्हता. ती जागा रिकामी होती. दोन महिने काम चालले. १ जूनला नळ सुटला, वाफेचा ढग पेटला आणि अठ्ठावीस माणसे गेली. शनिवार होता म्हणून कचेरी रिकामी होती, नाहीतर आकडा कितीतरी वाढला असता.

खडूने जमिनीवर नकाशा आपल्याकडे कोण काढत नाही? त्यात कमीपणाही नाही. अडचण ‘तात्पुरते’ या शब्दाची आहे. सिलिंडरचा रेग्युलेटर बिघडला म्हणून तात्पुरती दुसरी नळी, वायसर मिळेना म्हणून सुतळी, फ्यूज उडतो म्हणून जाड तार. मोठ्या कारखान्यात निदान नियम असतो की मूळ रचनेत बदल करायचा तर कागदावर लिहून दुसऱ्या जाणकाराची सही घ्यायची. आपल्या गॅरेजमध्ये सही नको. पण दुसऱ्या मिस्त्रीला बोलावून ‘बघ रे जरा’ एवढे म्हणायला काय हरकत आहे?

आता आपल्या धंद्यातले. भंगाराच्या आवारात आणि वेल्डिंगच्या दुकानात सर्वांत घातक वस्तू कोणती, तर रिकामे पिंप. भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते. रिकाम्यात तळाशी राहिलेल्या थेंबांची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते, आणि कटरची ज्योत लागताच झाकण तोफेसारखे उडते. वास येत नाही म्हणून पिंप स्वच्छ, असे समजू नये. घट्ट झालेले रंग आणि तेलही तापल्यावर वाफ सोडतात. पिंपात पूर्वी काय होते हे आधी विचारावे, बुचे उघडावी, गरम पाण्याने व साबणाने किंवा वाफेने धुवावे, आणि शक्य तर कापायच्या जागेपर्यंत पाणी भरून मगच ज्योत लावावी. हवा खेळवण्यासाठी आत ऑक्सिजन सोडणारे काही महाभाग आहेत. त्यांना कोणीतरी आवरा. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावणे हाही त्याच जातीचा प्रकार. ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा करून वापरू नये आणि त्याची नळी तांब्याच्या तुकड्याने जोडू नये, कारण त्या दोघांच्या संयोगाने आपोआप फुटणारा पदार्थ तयार होतो. भंडाऱ्यासारख्या पितळी भांड्यांच्या गावात तांब्याची नळी हाताशी असते, म्हणून मुद्दाम सांगितले.

पितळ उजळण्यासाठी शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, वापरतात तेथे तपकिरी धूर निघतो. त्या वेळी थोडा खोकला येतो आणि थांबतो. माणूस घरी जाऊन जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी छातीत पाणी भरून त्याचा श्वास अडकतो. म्हणून असा धूर पोटभर गेला तर बरे वाटत असले तरी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना कोणते तेजाब ते सांगावे. हे काम बंद खोलीत होऊ नये आणि कॅन एका वेळी एकच उघडावा. बाकीचे कॅन दुसरीकडे ठेवावेत. येथेही तोच जवाहरनगरचा प्रश्न आहे : माल किती, माणसे किती?

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण घातले गेले, आणि जीविताला धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. मात्र १९४८ च्या त्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान दहा कामगार, अशी व्याख्या होती. २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. चार पोरांचे वेल्डिंगचे दुकान तेव्हाही त्या व्याख्येत बसत नव्हते, आताही बसत नाही. तेथे निरीक्षक, इंजिनिअर आणि मालक एकच असतो. धोका दाखवणाऱ्या पोराला ‘घाबरट’ म्हणून गप्प बसवणाराही बहुधा तोच.

खर्चाची सबब आम्हाला ठाऊक आहे. ज्योत उलटी शिरू नये म्हणून नळीवर बसवायचा लहानसा भाग विकत घ्यावा लागतो, हे खरे. पण सिलिंडर भट्टीपासून दूर, उभा आणि साखळीने बांधून ठेवायला काय लागते? दुपारच्या वेळी आठ पोरे कटिंगच्या जागेशेजारीच डबा खायला बसतात, त्यांना दहा पावले लांब बसवायला तर काहीच लागत नाही. अपघातानंतर ‘मौत लिखी थी’ म्हणणारे मालक आम्ही पाहिले आहेत. तकदीरीवर आमचाही विश्वास आहे. पण डब्याची जागा मालकाने ठरवलेली असते.

तुमसर, मोहाडी, साकोली, पवनी, जेथे जेथे भंगाराचा धंदा आहे तेथील व्यापाऱ्यांनी मिळून एवढे ठरवावे : ज्या पिंपावर आतल्या मालाचे नाव नाही ते पिंप घ्यायचे नाही. एकट्याने नाकारले तर शेजारचा घेईल आणि गिऱ्हाईक जाईल, म्हणून सर्वांनी मिळून. सुरुवातीला काही सौदे फिसकटतील. पण पिंपे साचून जागा अडू लागली की विकणारे स्वतःच नाव लिहून पाठवू लागतील.