इजाजत कुणाला, किती आणि कधीपर्यंत?

सर्वेक्षणासाठी आमच्या मोहल्ल्यात गेलं की एक प्रश्न हमखास येतो: "सर, ये किसकिसको दिखेगा?" २०२० मध्ये एनआरसीच्या चर्चेनंतर तर नाव विचारलं तरी दार अर्धंच उघडायचं. आपण घाईत सांगतो, "काळजी करू नका, सगळं गुप्त राहतं." पण ते कसं गुप्त राहतं, हे आपल्याला तरी ठाऊक असतं का?

२३ जानेवारी २०२४ ला राज्य मागासवर्ग आयोगाचं मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांचं सर्वेक्षण सुरू झालं. ज्या आंदोलनामुळे ते झालं, त्याचं केंद्र आमच्याच जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी. पुण्याच्या गोखले संस्थेनं बनवलेलं ॲप मोबाइलमध्ये घेऊन माझ्यासारखे शिक्षक घरोघरी फिरले. शिक्षण, नोकरी, शेती, कर्ज, सगळं विचारलं गेलं. प्रश्न किती आणि कोणते, यावर भरपूर चर्चा झाली. पण भरलेली माहिती पुढे कोण उघडू शकतो, कोण बदलू शकतो, कोण उतरवून घेऊ शकतो, यावर कुणी फारसं बोललं नाही.

खरी गुप्तता तिथेच ठरते. सर्वेक्षणाच्या कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाची भूमिका ठरवता येते. सामाजिक संस्था वापरतात त्या कोबो टूलबॉक्समध्ये माहिती भरणं, पाहणं, दुरुस्त करणं यांची परवानगी वेगवेगळी देता येते. पर्यवेक्षकाला फक्त त्याच्या प्रगणकांच्याच नोंदी दिसतील, असंही करता येतं. नियम साधा आहे: कामापुरताच अधिकार आणि काम संपलं की तोही बंद.

प्रत्यक्षात काय होतं? एका शाळेत पालकांची माहिती गोळा करण्याच्या ऑनलाइन तक्त्याची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली गेली. ज्याच्याकडे लिंक, त्याला पाहण्याची आणि बदलण्याचीही मुभा. संध्याकाळपर्यंत एका विधवा आईचं उत्पन्न सगळ्या ग्रुपनं वाचलं होतं. चोरी कुणीच केली नव्हती. परवानगीच्या रकान्यात एक पर्याय चुकीचा निवडला गेला होता, एवढंच. कार्यालयांत एकच पासवर्ड चौघं वापरतात, तोही याच जातीचा प्रकार. मग नोंद कुणी बदलली, हे शोधणार कसं?

कुणी म्हणेल, माहिती झाकून ठेवणं म्हणजे पारदर्शकतेला विरोध. तसं नाही. एकूण आकडे सर्वांसाठी खुले हवेत. एका घराची नोंद मात्र मोजक्याच लोकांना दिसावी. आपल्या समाजाला तर आकड्यांची गरज जास्त. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल असो की २०१३ चा मेहमूद-उर-रहमान समितीचा, आपलं मागासलेपण आकड्यांमुळेच नोंदलं गेलं. भीतीपोटी लोकांनी माहिती दिली नाही, तर नुकसान आपलंच आहे. म्हणून लोकांना भित्रे ठरवण्याआधी त्यांचा विश्वास कमावला पाहिजे.

२०२७ ची जनगणना मोबाइल ॲपवर आणि जातीच्या नोंदीसह ठरली आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यातलं कलम १५ व्यक्तिगत नोंदींना संरक्षण देतं. पण कायद्यानं लावलेलं कुलूप हातोहात फिरणाऱ्या पासवर्डनं उघडतं. म्हणून कुठल्याही सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणात शिक्षकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. भरलेली नोंद माझ्यानंतर कोण पाहणार? ती बदलली तर बदलणाऱ्याचं नाव राहणार का? काम संपल्यावर माझं लॉगिन कधी बंद होणार?

दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका, असं सूरह नूर शिकवते. कुणाच्या घराची माहिती उघडणं म्हणजे त्या घरात शिरणंच आहे. लोक ती अमानत म्हणून आपल्या हाती देतात. "किसकिसको दिखेगा?" हा प्रश्न विचारणारी बाई अडाणी नाही. तिला खरं उत्तर देता यावं, एवढी तयारी करूनच आपण तिच्या दारात उभं राहिलं पाहिजे.