ओळख मुलखाची : जुन्नर आणि आंबेगाव

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके शेजारी शेजारी आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार जुन्नरची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि आंबेगावची सुमारे दोन लाख पस्तीस हजार. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावे लागतात. बहुतेक प्रवाशांना हा मुलुख चहाच्या थांब्यापुरता माहीत असतो. रस्ता सोडून पश्चिमेला वळले की खरा मुलुख सुरू होतो.

एका तालुक्यात तीन प्रदेश

पश्चिमेला सह्याद्रीची धार. तिथे पाऊस धो धो कोसळतो; भात, नाचणी, वरई ही पिके. महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी जमातींची वस्ती प्रामुख्याने याच भागात आहे. जंगलातला हिरडा गोळा करून विकणे हा इथल्या घरांचा मोठा आधार. मध्ये नद्यांची खोरी : कुकडी, मीना, पुष्पावती आणि आंबेगावची घोड. पूर्वेकडे पाऊस कमी, पण कालव्यामुळे ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा. नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि ओतूरचा कांदा दूरवर प्रसिद्ध आहे. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने इथे उभे आहेत.

आंबेगाव तालुक्याची एक गोष्ट नव्या माणसाला चकित करते. तालुक्याचे मुख्यालय घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे.

घाटावरून आलेले लोक

जुन्नरचा इतिहास वाटेचा इतिहास आहे. कल्याण, सोपारा या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांचा, राणी नागनिकेचा लेख आजही नाणेघाटाच्या गुहेत आहे. त्यातली संख्याचिन्हे भारतातल्या सर्वांत जुन्या चिन्हांपैकी आहेत. लेण्याद्री, तुळजाभवानी, मानमोडी, शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी कोरलेली आहेत. त्यांच्या दानलेखांत यवन, म्हणजे ग्रीक वंशाच्या दात्यांचीही नावे येतात. कुणी पाण्याचे टाके खोदून दिले, कुणी भिक्षूंसाठी भोजनमंडप. परदेशातून आलेल्या माणसांनी इथे पहिली सोय केली ती पाण्याची आणि जेवणाची, ही लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

पंधराव्या शतकात बहमनी राज्यात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलमार्गे जुन्नरला आला आणि पावसाळ्याचे दोन महिने इथे अडकला. त्याने विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरचा सुभेदार असद खान याने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, वर हजार मोहरा देईन, असे बजावले. नाही तर घोडाही जाणार आणि दंडही बसणार. चार दिवसांची मुदत होती. त्याच वेळी खुरासानचा एक ख्वाजा तिथे आला. निकितीनने त्याच्याकडे गाऱ्हाणे मांडले. ख्वाजाने सुभेदाराकडे जाऊन त्याची बाजू मांडली आणि घोडा परत मिळवून दिला. हे सारे निकितीनने स्वतःच लिहून ठेवले आहे. सत्तेच्या जोरावर धर्म लादू पाहणारा मुसलमान होता, आणि त्याला रोखणाराही मुसलमानच होता. आपल्या मुलांना या दोघांचीही माहिती हवी.

हबशी वजीर

1490 मध्ये मलिक अहमदने बहमनींपासून फुटून निजामशाही उभी केली, ती जुन्नरहूनच. पुढे त्याने अहमदनगर वसवले. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. ती आणखी पंचवीस वर्षे टिकवून धरली ती आफ्रिकेतून आलेल्या एका माणसाने.

मलिक अंबर इथिओपियात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे हातोहात फिरत दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगीज खान याने त्याला विकत घेतले. तो स्वतःही हबशीच होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर शिपाई झाला, सरदार झाला आणि शेवटी वजीर झाला. 1607 च्या सुमारास त्याने निजामशाहीची गादी जुन्नरला आणली. काही वर्षे हा मुलुख राजधानीचा मुलुख होता. नंतर तो दौलताबादकडे गेला आणि 1610 मध्ये खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

त्याच्या फौजेत मराठे घोडेस्वार मोठ्या संख्येने होते. शहाजीराजे भोसलेही त्याच्या काळात निजामशाहीच्या बाजूने लढले. जमिनीची मोजणी करून, तिचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत शेतकऱ्यांच्या आठवणीत पुढेही राहिली. 1626 मध्ये तो वारला. चारच वर्षांनी, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, याच जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शिवनेरीवर शिवाई देवीचे मंदिर आहे आणि दोन मिनारांना कमानीने जोडणारी कमानी मस्जिदही आहे. जुन्नरजवळच्या हापूसबागेत एक देखणा घुमट उभा आहे. हापूसबाग हे नाव ‘हबशी बाग’वरून आले, असे जुने लोक सांगतात.

आपली माणसे, आपले हुन्नर

या तालुक्यांतल्या मुसलमानांची आडनावे पाहा : तांबोळी, आतार, बागवान, मोमीन, मुलाणी, कागदी. आडनावातच धंदा आहे. घरात दखनी, बाजारात आणि शाळेत मराठी. जुन्नरचे कागदी जुन्या चिंध्या आणि ताग कुटून, लगदा करून, हाताने कागद बनवत. हा जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरात वापरला जाई. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा हुन्नर बुडाला. पण मराठ्यांच्या राज्याचा हिशेब आपल्या कारागिरांनी केलेल्या कागदावर लिहिला गेला. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असा प्रश्न शाळेत एखाद्या मुलाला कुणी विचारला, तर त्याला हे उत्तर माहीत असावे.

पाणी कुणाचे, त्रास कुणाला

मुलुख आपला म्हटला की त्याचे देणेही लागते. कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पहिली चार जुन्नरमध्ये, डिंभे आंबेगावात. हे पाणी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या शेतांपर्यंत जाते. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. ते याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विलायती कापडाची लॉरी अडवताना ते शहीद झाले. पण जलाशयाच्या काठावरच्या आदिवासी पाड्यांत उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालतात. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या वाट्याला पाणी सर्वांत कमी आले.

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगावातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे आधी एका एसटी चालकाच्या लक्षात आले. तिकडे पूर्वेला उसामुळे बिबट्यांना लपायला जागा झाली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या मजुराची झोपडी अजून उघडीच आहे. तिथे मूल अंगणात खेळत असताना आईला डोळ्यात तेल घालून बसावे लागते.

जाऊन पाहा

या सुट्टीत मुलांना घेऊन जुन्नरला जा. शिवनेरी पाहा, कमानी मस्जिद पाहा, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढा. खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या तीस प्रचंड थाळ्या दूरदूरच्या शिवारांत पसरलेल्या दिसतील. आणि एक दिवस डिंभ्याच्या वरच्या अंगाला जा. हिरडा वाळत घातलेल्या अंगणात थोडे बसा, भाव काय मिळतो ते विचारा. जकात-सदक्याचा, मदतीचा विचार करताना आपण शहरातल्या ओळखीच्या माणसांपुरते पाहतो. डोंगरातला शेजारी आपल्या धर्माचा नसेल, पण आपल्या नळाचे पाणी त्याच्या बुडालेल्या शेतावरून आले आहे.