माणकांचे जोडे, रुप्याचे जोडे

७ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत जोड्यांच्या एका जोडाचा लिलाव झाला आणि सर्व आकार धरून तो ३ कोटी २५ लाख डॉलरांस गेला. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ओझ’ या चित्रपटासाठी, ज्युडी गार्लंड हिच्या डोरोथीच्या भूमिकेकरिता केलेले हे ‘माणकांचे’ जोडे. माणिक त्यांत एकही नाही; नुसत्या लाल टिकल्या आहेत.

गंमत अशी, की एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकात हे जोडे रुप्याचे आहेत. रंगीत चित्रपटात उठून दिसावेत म्हणून ते लाल झाले. शिवाय डोरोथी घरी परतते तेव्हा ते वाटेतच वाळवंटात पडून कायमचे हरवतात. लेखकाने जे सहज टाकून दिले, त्याला जगाने एवढे मोल द्यावे!

मग या मालिकेची मोहिनी कशात आहे? माझ्या मते तिच्या साधेपणात. पेंढा भरलेले बुजगावणे, पत्र्याचा लाकूडतोड्या, भित्रा सिंह ही तिची पात्रे. जादूगाराकडे ते जे मागायला निघतात, ते वाटेत त्यांच्याच वागण्यातून प्रकट होते. जादूगार तर भोंदू निघतो. १९१० साली सहाव्या पुस्तकात बॉम यांनी ओझचे दार लावून घेतले, परंतु बालवाचकांचा आग्रह आणि स्वतःची ओढगस्त यांपुढे १९१३ साली ते पुन्हा उघडावे लागले. पुस्तके एकंदर १४ झाली. १९१९ साली ते वारल्यावर रूथ प्लमली थॉम्प्सन यांनी मालिका पुढे चालविली.

मी दरबारी गवयाचा मुलगा. जुन्या घराण्यांत चिजा दडवून ठेवण्याची चाल होती आणि त्यापायी कित्येक चिजा गवयाबरोबरच गेल्या, हे मी घरात ऐकत आलो. ओझचे तसे झाले नाही. १९५६ साली पहिल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क अमेरिकेत संपला आणि वाट मोकळी झाली. १९७५ चे ‘द विझ’ हे संगीत नाटक, १९९५ ची ग्रेगरी मॅग्वायर यांची ‘विकेड’ कादंबरी, तिच्यावरचे २००३ चे संगीत नाटक, २०२४ व २०२५ चे दोन चित्रपट. प्रत्येकाने त्याच बंदिशीत आपापली तान घेतली.

मात्र अस्थायी ठाऊक नसेल, तर तानेचा आनंद अर्धाच. माझ्याकडे शिकणारी मुले ‘विकेड’ची गाणी गुणगुणतात, पण पुस्तक वाचलेली फार थोडी. त्या जोड्यांना धनी एकच मिळाला. पुस्तक कोणासही विनामूल्य वाचता येते. दिवेलागणीनंतर नातवंडांना जवळ बसवून ते मोठ्याने वाचून पाहावे, एवढीच वाचकांस विनंती.